आधी आडवी कड, मग उभी

२२ एप्रिल, बुधवार

सुतारकामाच्या वर्गात सर म्हणाले होते, रोज काय चुकलं ते लिहून ठेवा, जमलेलं आपोआप लक्षात राहतं. वर्ग संपून कितीतरी दिवस झाले. चुकायची खरी सुरुवात आता होणार, म्हणून लिहायलाही आताच घेतलं.

बुद्धप्रियाने तिच्या बालवाडीच्या टेबलांचं काम मला दिलं. बारा बुटकी टेबलं, पोरं मांडी घालून बसतील अशी. तिची आई केसरबाई आणि मी अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात एकाच रांगेत होतो. ती शिलाईला, मी चेकिंगला. शिलाई खातं बंद पडलं तेव्हा बाकीच्या बायका दुसरीकडे लागल्या, मी लाकडाकडे वळले. लोक हसले. हसू देत, त्यांचे दात आहेत.

बुद्धप्रियाची अट एकच. "ताई, कडा आणि कोपरे. पोरं पळत येतात आणि कपाळ आपटतात. आधी एक टेबल करून दाखवा. मी हात फिरवून बघणार. हाताला काही लागलं तर बाकीची करू नका."

तिकडे ओळखीच्या एका कारखान्याने चेकरची जागा माझ्यासाठी धरून ठेवली आहे. मे संपायच्या आत हो की नाही ते सांगायचं. म्हणजे टेबल पास झालं तर मी सुतार, नाही तर पुन्हा ट्यूबलाइटखाली टॉवेल उलटेसुलटे करत बसायचं. मला जायचं नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मन डळमळलं तर वाचता येईल.

राउटर, म्हणजे लाकडाच्या कडा कोरायचं मशीन, परसात मांडला. अत्तींनी विचारलं, "मिशन कुटं ठिवलंस?" अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, शिवबाई. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पुढचं, कानडी मुलखातलं, त्यामुळे आमच्यात सासूला अत्तीच म्हणतात. मी म्हटलं, न्हाणीच्या भिंतीला. तर म्हणाल्या, "मग तितंच ऱ्हाऊ दे. रोज हलवत बसू नगं." मशीन माझं, हुकूम त्यांचा.

२४ एप्रिल, शुक्रवार

मंगळवार पेठेत जाऊन बिट आणला. राउटरला जे पातं लावतात तो बिट. ज्याचा जसा आकार तशी लाकडाची कड निघते. दुकानदाराने गोलाईचा पुढे केला. "वहिनी, पोरांसाठी म्हणता तर हाच न्या की. सगळे हाच नेतात."

सगळे नेतात म्हटलं की माझं डोकं उलटं चालायला लागतं. गोलाईच्या बिटाची खोली जरा चुकली की कडेला पायरी उठते, आणि ती घासता घासता हात मोडतात. मला चॅम्फरचा हवा होता, कड तिरकी छाटणारा, पंचेचाळीस अंशाचा. थोडा बाहेर काढला तर बारीक तिरकी पट्टी निघते, जास्त काढला तर रुंद. एकच बिट, हवी तशी कड. टोकाला छोटं बेअरिंग आहे, ते फळीला टेकून पळतं, त्यामुळे हात हलला तरी पातं आत घुसत नाही. पट्टी काढल्यावर दोन बोथट कोन उरतात, ते पॉलिश पेपरने मारले की झालं. दुकानदाराला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमी कामच करा वहिनी, दुकान मी बघतो."

घरी येऊन कौतुकाने अत्तींच्या हातात दिला. त्यांनी बघितलासुद्धा नाही. बोटांनी चाचपला, बेअरिंग फिरवलं, "भिंगरी हाय की" म्हणाल्या आणि परत दिला. एवढ्या हौसेने आणलेली वस्तू. माणसाने एकदा नजर तरी टाकावी.

२५ एप्रिल, शनिवार

आज जिवावर बेतलं होतं. बिटाची दांडी सहा मिलिमीटरची आणि माझ्या राउटरचं तोंड पाव इंचाचं. फरक नखाएवढासुद्धा नाही. आवळल्यावर घट्ट वाटलं, म्हणून चालवला. अर्ध्या फळीवर गेले आणि आतून अत्ती ओरडल्या, "राजव्वा, बंद कर! आवाज फिरला!"

मी बंद केला. बिट तोंडातून खाली सरकला होता आणि फळीला वीतभर चर पडला होता. आणखी थोडा चालला असता तर सुटून कुठे गेला असता, सिद्धरामेश्वरालाच ठाऊक.

दुकानात जाऊन बदलून आणला. या वेळी दांडी मोजून घेतली, तोंडी सांगण्यावर विसंबले नाही.

अत्तींचे कान मात्र म्हातारपणी तिखट झालेत. पूर्वी शेजारून हाक मारली तरी 'काय गं' म्हणायच्या नाहीत.

२९ एप्रिल, बुधवार

पहिल्या टेबलाची फळी तासली, पाय जोडले. उद्या कडा.

काम पुढे सरकतं आहे, पण घरात चिडचिड होते. मी चहाला पाच मिनिटं थांबले की अत्तींचं सुरू, "आज मिशन का बंद?" मुकादमाने एवढं कधी विचारलं नाही. दुपारी भातात दोन खडे लागले. तांदूळ त्यांनीच निवडले होते. एक गुरुशांतच्या दाताखाली आला, पण तो आईला काही बोलायचा नाही, मुकाट्याने ताटाच्या कडेला ठेवला. लूमवर आख्खी पाळी ओरडून घरी आलेला नवरा घरात गरीब गाय असतो.

आणि पूजा. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडे टक लावून बघायचं, ही रीत लग्नानंतर त्यांनीच मला शिकवली. माझी पापणी लवली तरी टोकायच्या. आता स्वतः डोळे मिटून बसतात. विचारलं तर म्हणाल्या, "आतलं दिसाय लागलंय, भायेरचं कशाला बघू?" आम्हाला ही सिद्धी कधी मिळायची कोण जाणे.

३ मे, रविवार

नापास.

टेबल सायकलच्या कॅरिअरला बांधून नेलं. बुद्धप्रियाने वरून हात फिरवला, मान हलवली. मग खालच्या कडेवरून फिरवला, कारण पोरांचे गुडघे तिथे लागतात. कोपऱ्याशी तिचा हात थांबला. बोटात कूस घुसली होती. तिथे लाकडाची ढलपी निघून दात उठला होता. रंग लाकडाचाच, त्यामुळे डोळ्यांना दिसत नव्हता.

"ताई, बाकी छान झालंय हो. पण हे मी पोरांपुढे कसं ठेवू?"

मी टेबल उचललं. वीस वर्षं चेकर होते मी. माझ्या नजरेतून सुटलेला धागा कुणी दाखवला नव्हता. येताना पूर्ण रस्ता कानशिलं तापलेली होती, आणि ती उन्हाने नव्हती.

निघताना केसरबाई दारापर्यंत आली होती. म्हणाली, "राजेश्वरी, त्या जागेला हो म्हणून टाक. त्यात हार न्हाय." आहे. तिला नसेल, मला आहे.

६ मे, बुधवार

चार फळ्यांच्या कडा काढल्या. पहिलीला वाटलं लाकूड वाईट. दुसरी दुसऱ्या वखारीतून आणली, तरी दात. तिसरीला बिट कमी बाहेर काढून दोनदा हलकं फिरवलं. चौथीला वेग बदलला. दात बारीक झाला, पण गेला नाही.

बिट नवा, धार चांगली. डावीकडून उजवीकडे ढकलते, सरांनी सांगितल्याप्रमाणे, पात्याच्या फिरण्याविरुद्ध. मग उरलं कोण? मीच.

संध्याकाळी अत्ती दाराच्या चौकटीला धडकल्या. कपाळाला टेंगूळ आलं. मी हळद लावायला गेले तर म्हणाल्या, "तुझ्याच फळ्यांत मन हुतं." टेंगूळ त्यांना आलं, दोष फळ्यांना.

८ मे, शुक्रवार

आज मी भांडले आणि आजच सापडलं.

सकाळी बघते तर अत्ती परसात माझ्या चारही फळ्या एकेक करून मांडीवर घेऊन बसलेल्या. डोळे भिंतीकडे, बोटं कडेवर. एक ठेवली, दुसरी घेतली. मला वाटलं, झालं, आता बुद्धप्रियानंतर घरचं परीक्षक मंडळ. म्हटलं, "अत्ती, खोड काढायला दुसरं काही मिळालं नाही का?"

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "चार फळ्या, चारींना दात हाय."

"ते मला माहीत आहे."

"मग ह्ये बी ठाऊक असंल, दात सगळ्या कोपऱ्यांना न्हाय. ह्यो एक आन त्याच्या तिरक्या समोरचा ह्यो एक. चारींना तसंच. उरलेले दोन कोपरे लोण्यावानी हायत. लाकूड वाईट असतं तर ते कोपरे निवडून कशाला फुटलं असतं?"

मी फळ्या उचलून बघितल्या. खरंच. मी दात बघत होते, तो कुठे आहे ते बघत नव्हते.

मग खाली बसून हातांनी हवेत सगळं पुन्हा करून बघितलं. लांब कड, दुसरी लांब कड, मग आडवी, मग दुसरी आडवी. आणि हसूच फुटलं. हा तर टॉवेल! कारखान्यात टॉवेलच्या लांब बाजू आधी शिवतात, मग कापतात, मग आडव्या. वीस वर्षं तोच क्रम बघितला, तोच हातात मुरला. लाकडाला ते चालत नाही. आडव्या कडेला लाकडाच्या रेषा तुटलेल्या असतात, तिथून पातं कोपऱ्याबाहेर पडताना शेवटची ढलपी उडवतं. लांब कड त्यानंतर घेतली तर तो फुटका भाग तिच्यातच छाटून जातो. मी लांब कड आधीच उरकत होते, मग दात काढायला उरलं कोण?

पाचवी फळी घेतली. आधी आडव्या, मग उभ्या. अत्तींच्या मांडीवर ठेवली. बोटं चारी कोपऱ्यांवरून फिरली, पुन्हा फिरली.

"हौदु," म्हणाल्या. कानडीत 'हो' एवढंच. पण त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांत मला मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्रक. मी म्हटलं, आजपासून तुम्ही चेकर. म्हणाल्या, "पगार?" म्हटलं, चहा. त्यांनी दोन वेळचा ठरवून घेतला.

१४ मे, गुरुवार

पास झालं. हे आधी लिहिते, नाही तर राहून जाईल.

बुद्धप्रिया स्वतःच घरी आली. डोळे मिटून टेबलावर, खाली, चारी कोपऱ्यांवर हात फिरवला. "ताई, करा बाकीची. शाळा उघडायच्या आत द्या." मी आनंदाने आत शेंगाची चटणी आणि भाकरी आणायला पळाले.

बाहेर आले तर तिचा चेहरा वेगळा होता. मला चुलीपाशी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, आजींना दिसतं ना?"

"दिसतं की. का?"

"मी त्यांच्या समोर उभी होते. चपला काढून आले, आवाज केला नव्हता. त्यांनी बघितलं माझ्याकडे, पण मी दिसले नाही. टेबल सरकवलं तेव्हा दचकल्या."

मी म्हणाले, त्यांचं मन कुठेतरी असतं. ती भाकरी खाऊन गेली.

नंतर मी परसात गेले. अत्ती टेबलापाशी बसल्या होत्या. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि काही न बोलता हात पुढे केला. अगदी समोर. त्या माझ्या बाजूच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "राजव्वा आत हाय का? गेली का ती बाई?"

मला हात मागे घेता येईना.

१६ मे, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. बाजूचं आधी जातं, मधलं शेवटी, म्हणून लवकर कुणाला कळत नाही. एक डोळा गेल्यातच जमा आहे, दुसऱ्याला नळीतून बघावं तेवढं दिसतं. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायला रोज थेंब घालायचे, न चुकता.

घरी आल्यावर मी विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"सांगून काय? तू मिशन गुंडाळून माझ्याजवळ बसली असतीस."

"बसले असते."

"मग! म्हणून तर न्हाय सांगितलं." आणि पुढे म्हणाल्या, "आन मिशन वाजत असलं की मला घर कळतं, राजव्वा. आवाज उजव्या कानाला आला की न्हाणी फुडं, डाव्याला आला की देवघर. बंद पडलं की मी जितल्या तितं बसते. म्हणून ईचारायची."

मी मुकादम म्हटलं होतं त्यांना. खडे, टेंगूळ, मिटलेले डोळे, सगळं माझ्याच हाताने इथे लिहिलेलं आहे आणि वाचायला आलं नाही. नजर विकून पोट भरलं मी, आणि घरातली नजर जाताना मला दिसली नाही. लाज वाटते. खूप लाज वाटते.

गुरुशांत आईला अव्वा म्हणतो. म्हणाला, "तू आता अव्वाजवळच ऱ्हा. टेबलांचं न्हाय म्हणून कळव बुद्धप्रियाला."

मी तोंड उघडायच्या आत अत्ती म्हणाल्या, "साकु!" म्हणजे पुरे. "चेकर मी हाय. मला ईचारल्याबिगर काम कोन बंद करतंय?"

तो मग म्हणाला, थेंब सकाळचे मी घालीन. संध्याकाळचे माझ्याकडे आले.

३० मे, शनिवार

कारखान्याला 'नाही' म्हणून कळवलं. फोन ठेवला आणि फळी क्लॅम्पात आवळली.

आठ टेबलं तयार. ऊन इतकं आहे की पहाटे काम उरकावं लागतं. मशीन न्हाणीच्या भिंतीलाच. सावलीला हलवलं तर मला बरं पडेल, पण मी हलवत नाही. अत्तींनी दोन टेबलं परत पाठवली. एकाला खरंच दात होता. दुसऱ्याला काही सापडेना, तेव्हा म्हणाल्या, "मग माझा चहा राहिलाय, त्यामुळं परत पाठवलं."

११ जून, गुरुवार

बारा टेबलं पोचली. केसरबाईने एका टेबलावर कपाळ टेकवून बघितलं, आपटल्यासारखं करून. "लागत न्हाय गं," म्हणाली. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, येऊ दिलं.

बुद्धप्रिया म्हणाली, तिच्या ओळखीच्या आणखी एका बालवाडीला हवी आहेत.

१४ जून, रविवार

मशीन काही जन्मभर चालू ठेवता येणार नाही. मी बाजारात जाणार, वीज जाणार. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी गुरुशांतला कामाला लावलं. उरलेल्या लाकडाची पट्टी अत्तींच्या खाटेपासून देवघरापर्यंत, तिथून न्हाणीपर्यंत, मग परसाच्या दारापर्यंत भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर ठोकली. ठोकण्याआधी वरच्या कडेला चॅम्फर काढला होता. पण सगळीकडे नाही. जिथे वळायचं आहे तिथे वीतभर आधी बिट उचलला आणि कड चौकोनीच ठेवली. डोळ्यांना हे काम अर्धवट सोडल्यासारखं दिसतं. गुरुशांत म्हणालाच, "हे राहिलं की गं." मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही ते.

अत्तींना काहीच सांगितलं नाही. नुसता हात पट्टीवर ठेवला. मशीन बंद होतं.

त्या निघाल्या. तळवा तिरक्या कडेवरून सरकत होता. देवघरापाशी कड चौकोनी झाली, तशा थांबल्या. बोटांनी पुढेमागे चाचपलं.

"हितं वळायचं?"

"व्हय, अत्ती."

वळल्या. पुढे पुन्हा थांबल्या, पुन्हा वळल्या. या वेळी विचारलं नाही. न्हाणी गेली, परसाचं दार आलं. तिथे पट्टी संपते. त्यांनी शेवटच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी कौतुकाचं बोलतील.

"राजव्वा, हितं दात हाय."

मी वाकून बघितलं. काही नव्हतं. गुरुशांतने बघितलं, त्यालाही दिसलं नाही. मग मी डोळे मिटले आणि त्यांच्या बोटाशेजारी माझं बोट फिरवलं.

होता. पॉलिश पेपर घेऊन मी खाली बसले.